थरथर, घरघर आणि ठक : गाडीचे दुखणे ओळखायला शिकूया



मराठीत आवाजांना नावे भरपूर आहेत. बांगड्या किणकिणतात, पाने सळसळतात, जुने दार करकरते, पोटात गुरगुरते. व्याकरणात यांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात, हे तुम्ही वर्गात शिकलाच आहात. आज आम्ही हे शब्द घेऊन गॅरेजमध्ये जाणार आहोत.

इथे मस्कतमध्ये आपल्यापैकी बऱ्याच घरांत फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी आहे. सुट्टीच्या दिवशी वादीतून, वाळूतून, डोंगरातून ती आपल्याला फिरवते. एखाद्या दिवशी ती वेगळी वाटू लागते. मग गॅरेजमध्ये जाऊन आपण काय सांगतो? "नॉइज येतो." एवढ्यावरून मेकॅनिकला काहीच कळत नाही. डॉक्टरांना नुसते "बरे वाटत नाही" म्हणून चालते का? कुठे दुखते, कधी दुखते, कसे दुखते, हे सांगावे लागते. गाडीचेही तसेच आहे. आवाजाला नेमके नाव दिले की निम्मे निदान झाले. उरलेले निम्मे थोड्या गणिताने आणि काही सोप्या कसोट्यांनी होते.

१. ताकद चाकापर्यंत कशी पोचते?

इंजिनाची ताकद आधी गिअरबॉक्समध्ये येते. तिथून ती ट्रान्सफर केसमध्ये जाते. ही पेटी ताकदीचे दोन वाटे करते, एक पुढच्या चाकांसाठी, एक मागच्या. या पेटीतून एक लांब फिरता दांडा मागे जातो आणि दुसरा पुढे. त्याला प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात. दांड्याच्या टोकांना अधिक चिन्हाच्या आकाराचे सांधे असतात, गॅरेजच्या भाषेत 'क्रॉस'. चाके खड्ड्यात खालीवर झाली तरी या सांध्यांमुळे दांडा फिरत राहतो. शेवटी येतो डिफरन्शियल. मागच्या आसाच्या मध्यभागी भोपळ्यासारखा गोल फुगवटा दिसतो ना, तोच.

डिफरन्शियल कशाला हवा? शाळेच्या कवायतीत रांग वळते तेव्हा आतल्या टोकाचा मुलगा जागच्या जागी पाय हलवतो आणि बाहेरच्या टोकाच्या मुलाला धावावे लागते. गाडीच्या चाकांचेही असेच होते. डाव्या-उजव्या चाकांत १.६ मीटर अंतर असेल, तर एक पूर्ण गोल फेरी मारताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा २ × ३.१४ × १.६ म्हणजे सुमारे १० मीटर जास्त चालते. गंमत अशी, की वर्तुळ लहान असो वा मोठे, फरक १० मीटरच येतो. का, ते मोठ्या मुलांनी वहीत सिद्ध करून पाहावे. हा फरक डिफरन्शियल सांभाळून घेतो.

वळताना पुढची चाकेसुद्धा मागच्या चाकांपेक्षा जास्त चालतात. निसान पॅट्रोल वाय-६१ किंवा लँड क्रूझर ७० अशा गाड्यांत फोर-एच टाकले की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात. वाळूत चाके थोडी घसरतात आणि फरक भरून निघतो. डांबरी रस्त्यावर घसरायला वाव नसतो. म्हणून तिथे वळताना गाडी गचके देते, जणू कोणी मागून धरून ठेवली आहे. हा बिघाड नव्हे, रस्त्यावर आल्यावर टू-एच टाकायचे राहिले, एवढाच त्याचा अर्थ. मात्र तशीच चालवत राहिलो तर खरा बिघाड होईल. लँड क्रूझर २०० सारख्या गाड्यांत मधे तिसरा डिफरन्शियल असतो. तो लॉक केलेला नसेल तर ही अडचण येत नाही.

२. तेल बदलणे

इंजिनाचे तेल सर्वजण आठवणीने बदलतात. पण पुढचा डिफरन्शियल, मागचा डिफरन्शियल, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्स या चार ठिकाणचे तेल बिचारे विसरले जाते. ते जळत नाही, आवाज करीत नाही, डॅशबोर्डवर त्याचा दिवाही नसतो. किती किलोमीटरला बदलायचे, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. वाळूत आणि पाण्यात जाणाऱ्या गाडीसाठी पुस्तिकेत बहुधा वेगळा, कमी आकडा असतो. आपल्या गाड्यांसाठी तोच धरावा.

तेल कोणते? डिफरन्शियलमधले दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, प्रचंड दाबाखाली घसरतातही. त्यासाठी गंधक आणि फॉस्फरसयुक्त द्रव्ये घातलेले जी.एल.-५ दर्जाचे तेल लागते. त्याला येणारा उग्र वास या गंधकाचा. पण हेच तेल हाताने गिअर टाकायच्या काही गिअरबॉक्सना चालत नाही. आत पितळी कड्या असतात, त्यांना ही द्रव्ये बाधू शकतात. म्हणून तिथे बहुधा जी.एल.-४ सांगितलेले असते. ट्रान्सफर केसमध्ये काही गाड्यांना गिअर ऑइल लागते, तर काहींना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे लाल तेल. 'लिमिटेड स्लिप' डिफरन्शियलला आणखी वेगळे तेल लागते. थोडक्यात, दुकानदाराला विचारण्याआधी पुस्तिकेला विचारावे.

काम घरी करा किंवा गॅरेजमध्ये उभे राहून करून घ्या, क्रम एकच :

(१) गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून आणावी. कोमट तेल पातळ होते आणि गाळासकट बाहेर येते.

(२) सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना पुढून-मागून दगड किंवा ठोकळे लावावेत. आपल्या उंच गाड्यांखाली बहुधा जॅक न लावताच हात पोचतो. मुलांनो, नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही जायचे नाही. मोठ्या माणसांनीसुद्धा नाही.

(३) आधी वरचे, भरायचे बूच उघडावे. मग खालचे, रिकामे करायचे. हा नियम चौकटीत लिहून ठेवा. वरचे बूच गंजून बसले असेल आणि आपण खालून तेल आधीच सोडून दिले, तर रिकाम्या डिफरन्शियलची गाडी दारात अडकते. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामातही हीच रीत आहे : परतीची वाट उघडी आहे ना, हे पाहूनच जुने पुसायचे.

(४) तेल परातीत पडू द्यावे आणि नीट पाहावे. काळपट पण स्वच्छ असेल तर उत्तम. दूध घातलेल्या कॉफीसारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे.

(५) बऱ्याच गाड्यांत खालच्या बुचाला लोहचुंबक असतो. त्यावर काजळासारखा मऊ करडा लेप असणे स्वाभाविक आहे. बोटांना टोचणारे कण किंवा धातूचे कपचे मिळाले तर दात्यांची किंवा बेअरिंगची झीज चालू आहे. ते कपचे कागदात गुंडाळून मेकॅनिकला दाखवावेत.

(६) बूच पुसून, नवा वायसर घालून, पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच आवळावे. मग वरच्या भोकातून नवे तेल भरावे. ते भोकाच्या खालच्या काठाला लागून बाहेर ओघळू लागले की थांबावे. एका डिफरन्शियलला साधारण दोन ते तीन लिटर लागते.

(७) जुने तेल वाळूत किंवा गटारात ओतू नये. डब्यात भरून, जिथे ते गोळा करतात अशा गॅरेजमध्ये द्यावे.

३. वादीचे पाणी आत कसे शिरते?

डिफरन्शियल तर बंद असतो, मग पाणी कुठून येते? विज्ञानाच्या वहीतली वायूंची गोष्ट आठवा. लांबच्या रस्त्यावरून आलेल्या डिफरन्शियलमधली हवा समजा ८० अंश सेल्सिअस आहे. गाडी वादीच्या पाण्यात उतरली आणि ती ३० अंशांवर आली. केल्विनमध्ये हे ३५३ वरून ३०३. म्हणजे आतला दाब सुमारे १४ टक्क्यांनी उतरला. आता डिफरन्शियल बाहेरचे काहीतरी आत ओढणारच. त्यासाठी वर एक लहान श्वासनळी ठेवलेली असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती मोकळी असेल आणि तिचे तोंड पाण्याच्या वर असेल, तर हवा आत जाते. ती चिखलाने बुजली असेल, तर सीलच्या फटीतून पाणी ओढले जाते.

यातून तीन धडे : वादीत उतरण्यापूर्वी गाडी थोडा वेळ थंड होऊ द्यावी, तेल बदलताना ब्रीदर साफ आहे का ते पाहावे, आणि पाणी चाकाच्या मध्याच्या वर चढले असेल तर परत आल्यावर लवकरच तेलाचा रंग तपासावा. क्रॉसमध्येही ग्रीस भरून घ्यावे. ग्रीस भरायची निपल असेल तर ग्रीसगनने पाच मिनिटांचे काम असते.

४. थरथरीचे गणित

आता आपल्या शब्दांकडे वळूया. गाडी ताशी १०० किलोमीटरने चालली आहे. म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. टायर २६५/७० आर १६ मापाचा असेल, तर त्याचा व्यास सुमारे ७७७ मिलिमीटर आणि परीघ २.४४ मीटर येतो.

चाकाचे फेरे : २७.८ ÷ २.४४ = सेकंदाला सुमारे ११.४.

डिफरन्शियलचे प्रमाण ४.१ असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्ट ४.१ वेळा फिरतो. म्हणून शाफ्टचे फेरे : ११.४ × ४.१ = सेकंदाला सुमारे ४७.

क्रॉस वाकड्या कोनात चालत असेल, तर शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले की एकाचा दोष दुसरा पुसून टाकतो. ते जुळेनासे झाले, जसे गाडी उंच करून घेतल्यावर होऊ शकते, तर सेकंदाला सुमारे ९४ हादरे बसतात.

माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० कंपनांपासून पुढचे ऐकू येते. त्याखालचे अंगाला जाणवते. म्हणून चाकाचा दोष हाताला आणि बुडाला थरथर म्हणून कळतो, तर शाफ्टचा दोष कानाला घूंऽऽ असा ऐकू येतो. विजेच्या ट्रान्सफॉर्मरजवळ उभे राहिल्यावर येणारी घूं सेकंदाला १०० कंपनांची असते. आपली ९४ ची घूं साधारण तशीच लागते. पाहा, थरथर आणि घूं हे दोन शब्द वेगळे ठेवले म्हणून गाडीचे दोन भाग वेगळे झाले!

५. शब्दावरून संशयित

*थरथर*, ठराविक वेगालाच, स्टिअरिंगमध्ये : पुढच्या चाकाचे बॅलन्सिंग किंवा टायर. बसायच्या जागेत असेल तर मागचे चाक.

*थरथर*, फक्त ब्रेक दाबल्यावर : ब्रेकची तबकडी असमान झाली आहे.

*घूंऽऽ*, वेगाबरोबर चढत जाणारी : शाफ्ट किंवा क्रॉस.

*कुंईऽऽ* असा रडका सूर, पाय उचलला की बदलणारा : डिफरन्शियलचे दाते. आधी तेल पाहा.

*घरघर*, गाडी डावीकडे वळवली की वाढते, उजवीकडे वळवली की कमी होते : उजव्या चाकाचे बेअरिंग. वळताना बाहेरच्या चाकावर भार पडतो म्हणून.

*चूं चूं*, हळू चालताना, चिमणीसारखी लयीत : क्रॉसमधले ग्रीस संपले.

*ठक*, पुढचा-मागचा गिअर बदलताना एकदाच : क्रॉस झिजला आहे, किंवा शाफ्टचा सरकता जोड कोरडा पडला आहे.

*धडधड*, गाडी उभी असतानाही : इंजिन किंवा त्याखालची रबरे. शाफ्टचा संबंध नाही.

६. कसोट्या

संशयित म्हणजे गुन्हेगार नव्हे. आम्ही संगणकाच्या कार्यक्रमातली चूक शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि काय फरक पडला ते लिहून ठेवतो. इथेही तसेच करावे. गाडी मोठ्यांनी चालवायची, नोंद मुलांनी करायची.

पहिली कसोटी : गाडी उभी, न्यूट्रलमध्ये. इंजिनाचा वेग हळूहळू वाढवा. थरथर इथेच आली तर चाकांकडे जाऊच नका.

दुसरी : ज्या वेगाला त्रास होतो त्याच वेगाला गिअर बदलून पाहा. इंजिनाचा वेग बदलला तरी थरथर तशीच राहिली, तर इंजिन निर्दोष.

तिसरी : सरळ, सपाट, रिकाम्या रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल. थरथर गेली तर ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या भागांवर संशय, राहिली तर नुसत्या फिरणाऱ्या भागांवर. इंजिन मात्र कधीही बंद करायचे नाही, स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात. उतारावर तर ही कसोटी मुळीच करू नये.

चौथी : गाडी उभी, इंजिन बंद, चाकांना ठोकळे. शाफ्ट हाताने धरून पिळून आणि वरखाली हलवून पाहा. क्रॉसमध्ये खेळ जाणवला किंवा गंजाची तांबडी भुकटी दिसली, तर तो बदलायला झाला. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही बाजूंना रंगाची खूण करायला सांगा, म्हणजे तो होता तसाच बसवता येईल.

दुरुस्तीचा क्रमही लक्षात ठेवा : आधी फुकटाचे, मग स्वस्त, शेवटी महाग.

७. दोन गाड्या, दोन निकाल

गेल्या हिवाळ्यात आपल्या वर्गातील चार कुटुंबे वादीत सहलीला गेली होती. परतताना एका गाडीला ९० च्या पुढे जोराची थरथर सुरू झाली. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजने शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि प्रॉपेलर शाफ्ट दोन्ही बदलायला सांगितले. आम्ही आधी कसोट्या घेतल्या. गिअर बदलून फरक नाही, न्यूट्रलमध्ये फरक नाही, हादरा स्टिअरिंगमध्ये. म्हणजे पुढचे चाक. खाली वाकून पाहिले तर उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला वाळलेल्या चिखलाची भाकरीएवढी ढेप चिकटलेली! नळी लावून धुतली, थरथर गेली. खर्च शून्य.

दुसऱ्या गाडीला थरथर नव्हती. फक्त मागचा गिअर टाकताना 'ठक' व्हायचे. हे घरातल्या नऊ वर्षांच्या मुलीने सर्वांत आधी सांगितले, आणि 'ठक' हाच शब्द वापरला. मोठ्यांना त्याची सवय झाली होती. चौथी कसोटी केली तर मागच्या शाफ्टचा क्रॉस कोरडा आणि ढिला. तो लगेच बदलला. पुढच्याच आठवड्यात ते कुटुंब जबल अख्दरला जाणार होते.

याचे महत्त्व नीट समजून घ्या. जबल अख्दरच्या घाटाच्या पायथ्याशी पोलीस चौकी आहे आणि तिथून वर फक्त फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या सोडतात. याचे मुख्य कारण चढ नव्हे, उतार. लांब उतारावर नुसत्या ब्रेकवर विसंबले तर ते तापून निकामी होऊ लागतात. म्हणून खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर गाडी रोखून धरायची असते. पण इंजिन आणि चाके यांना जोडतो तो शाफ्ट. टू-एचमध्ये मागचा क्रॉस तुटला तर ती पकड त्याच क्षणी जाते आणि सारा भार ब्रेकवर येतो. एक लहानसा ठक वेळीच सांगितला गेला, म्हणून ते कुटुंब निर्धास्तपणे घाट उतरून आले.

जाता जाता एक दिलासा. उन्हाळी सुट्टीत दीड-दोन महिने भारतात राहून आपण परत येतो, तेव्हा उभ्या गाडीचे टायर खाली टेकलेल्या जागी चपटे झालेले असतात. हवा भरून दहा-वीस किलोमीटर जपून चालवल्यावर थरथर हळूहळू गेली, तर काळजी नको. गेली नाही, तर कसोट्या आहेतच.

स्वाध्याय

१. वरचाच टायर आणि वरचेच डिफरन्शियल प्रमाण घेऊन ताशी ८० किलोमीटर वेगाला चाकाचे आणि शाफ्टचे सेकंदाचे फेरे काढा.

२. 'आधी वरचे बूच, मग खालचे' असे का? दोन वाक्यांत उत्तर लिहा.

३. थरथर, घरघर, ठक, चूं चूं, गचका. प्रत्येक शब्द वापरून गाडीविषयी एक आणि घराविषयी एक वाक्य तयार करा.

४. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतून चारही ठिकाणचे तेल कोणते आणि किती, ते शोधून तक्ता करा. बाबांना किंवा आईला विचारू नका, आधी स्वतः शोधा.

५. आजी-आजोबांना फोन करून गाडीच्या किंवा यंत्राच्या आवाजाचे असे तीन शब्द विचारा, जे या पाठात आलेले नाहीत. बैलगाडी, गिरणी, शिवणयंत्र, काहीही चालेल.

वह्या पुढच्या वर्गाला घेऊन या. पाचव्या प्रश्नातले सर्व शब्द आम्ही पुढील अंकात एकत्र छापू.